भिंग पडद्याला लावायचे की चित्राला?

प्रश्न (फोंडा): सर्व्हे प्लॅनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. कॉम्प्युटरच्या मॅग्निफायरने मोठा केला, तरी आकडे लागत नाहीत.

उत्तर: विंडोजचा मॅग्निफायर १६०० टक्क्यांपर्यंत जातो, पण मोठे करतो ते पडद्यावर उमटलेलेच. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करते. त्यात गेलेला आकडा कुठलेच भिंग परत आणणार नाही. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणि हो, मोठ्या केलेल्या प्लॅनला पट्टी लावून बांध मोजू नका. कागदावरचे प्रमाण पडद्यावर लागू होत नाही. शेजाऱ्याशी भांडायला याहून बरी कारणे मिळतील.

प्रश्न (पणजी): डच प्रवासी लिन्शोटेनच्या १५९६ च्या ग्रंथातला गोवा शहराचा नकाशा पडद्यावर गोल भिंग फिरवत पाहते. गल्ली सापडते, पण ती शहरात नेमकी कुठे, तेच कळेनासे होते.

उत्तर: दोष भिंगाचा. ते एक जागा मोठी करताना तिच्या आजूबाजूचे झाकते, आणि नकाशात सगळी गंमत आजूबाजूलाच असते. शिवाय हात जरा हलला की चित्र लांब उडी मारते. माझे मत विचाराल तर नकाशासाठी हे गोल भिंग नकोच.

मोठे संग्रह आपल्या साइटवर असे नकाशे वेगवेगळ्या पातळ्यांवर चौकोनी तुकडे करून ठेवतात. साइटवरचे अधिकचे चिन्ह दाबत आत जाल तसे अधिक बारकाव्याचे तुकडे उतरतात. विंडोजचे भिंग लावलेत तर हे घडतच नाही, आधीचाच तुकडा फुगतो. कोपऱ्यात पूर्ण नकाशाची छोटी प्रत आणि तिच्यावर चौकट दिसत असेल तर ती बंद करू नका. नसेल तर नकाशा दोन खिडक्यांत उघडा, एकीत अख्खा आणि दुसरीत गल्ली.

प्रश्न (डिचोली): आईची नजर कमी झाली आहे. भावाने पाठवलेल्या माटोळीच्या (गणपतीच्या वर फळे-पाने बांधून केलेल्या सजावटीच्या) फोटोत कुठली फळे बांधलीत ते तिला मोबाइलवर पाहायचे असते.

उत्तर: फोटो गॅलरीत उघडून दोन बोटांनी ताणायला शिकवा. बारकावा तिथेच मिळेल. बटणे, मेसेज, नावे वाचायला मात्र अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीतले ‘मॅग्निफिकेशन’ सुरू करून द्या आणि शॉर्टकट म्हणून तीन टिचक्या निवडा. अख्खा पडदा मोठा झाल्यावर तो सरकवायला दोन बोटे लागतात, हे आधीच सांगा. एका बोटाने ओढून पाहतात आणि कंटाळून फोन बाजूला ठेवतात.