लोहचुंबक चिकटत नाही, मग केग कशाचा?

प्रश्न : आमचे चिरंजीव भंगारवाल्याकडून बिअरचा रिकामा केग, म्हणजे धातूचं पिंप, घेऊन आलेत. कापून कुंडी करणार म्हणतात. लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे तो ॲल्युमिनियमचा का? आणि पूर्वीची लाकडी पिंपं का गेली? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, लोहचुंबकावर जाऊ नका. केगला वापरतात ते ३०४ जातीचं स्टेनलेसही चुंबकाला फारशी दाद देत नाही. हातमोजे घाला आणि बाहेरून, बुडाशी, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका. दोनचार मिनिटांत फसफसलं तर ॲल्युमिनियम, ढिम्म राहिलं तर स्टेनलेस. मी ३० वर्षं दुधाच्या टाक्या वेल्ड केल्या. आमच्या शेडमध्ये नव्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात दाखवायचे.

केगचा निम्मा इतिहास त्या थेंबातच आहे. हे भांडं गिऱ्हाइकाकडून परत येतं, धुऊन पुन्हा भरलं जातं. तेव्हा ते कशाचं असावं हे पिणाऱ्याने नाही, धुणाऱ्याने ठरवलं, असं माझं मत.

ओकचं पिंप वाफेने कितीही शेका, बिअर आंबट करून नासवणारे जंतू लाकडाच्या छिद्रांत दडी मारून बसायचेच. इंग्लंडात पिंपाच्या भोकाला नाक लावून वास घेणारी माणसं पगारावर असत. काय नोकरी! जर्मनी-अमेरिकेत आतून राळेचा लेप देत, आपण पितळी पातेल्याला कल्हई करतो तसा. कल्हईसारखाच तोही उडायचा, की पुन्हा भट्टी पेटवा.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठल्यावर पोलादी केग पुढे आले, महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उचलायला हलकं, पण केग धुतात तो कॉस्टिक त्याला खातो. स्टेनलेस गरम कॉस्टिक, आम्ल, वाफ सगळं मुकाट सोसतं, म्हणून तेच टिकलं. आता एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे केगही निघालेत. त्यांनी धुण्याची भानगडच मिटवली. यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने, म्हणजे बिअरच्या कारखान्याने, मात्र ओकची पिंपं सोडलेली नाहीत, आणि ती बांधणारा कारागीरही.

चिरंजीवांना सांगा, ग्राइंडर लावायची घाई नको. आत गॅसचा दाब असला तर वरचा व्हॉल्व्ह काढताना गोळीसारखा उडू शकतो. आणि अंगावर ब्रुअरीचं नाव ठोकलेलं दिसलं तर तो भंगार नव्हे, त्यांचा माल आहे, परत करा. कुंडीला तेलाचा डबा चालतो.