भुरका की ओरपणं? नूडल्सच्या त्या सुर्र आवाजाला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा आलाय: 'ताम्पोपो' हा जपानी पिक्चर मित्रमंडळींना दाखवायचाय, त्याची मराठी सबटायटल्स करणं चाललंय, तर रामेन (नूडल्सचं जपानी सूप) खाताना जो सुर्रर्र आवाज येतो त्या 'स्लर्प'ला भुरका म्हणायचं की ओरपणं, की दोन्ही एकच?

एकच नाहीत हो, अजिबात नाहीत. भुरका असतो ओठांचा आणि श्वासाचा, ओरपणं असतं हाताचं. ताक, कढी, टोमॅटोचं सार, लग्नाच्या पंगतीतला द्रोणातला मठ्ठा, पातळ आमटी, यांचा भुरका मारतात. आमरस, बासुंदी, अळूचं फदफदं, कालवलेला आमटीभात हे ओरपायचं, म्हणजे पाची बोटं बुडवून तळहाताला लागेपर्यंत, मनगटावरून ओघळ आला तर तोही चाटायचा. काहीजण वरपणं म्हणतात, गोष्ट तीच. आणि ओरपण्यात थोडी हावही आहे, म्हणून 'फुकटचं ओरपलं' असं आपण म्हणतो, 'फुकटचं भुरकलं' असं मी तरी कधी ऐकलं नाही. भुरक्यात हाव नाही, नुसतं सुख आहे.

क्रियापद पण बघा कुठलं लागतं. घोट घेतात, घुटका घेतात, पण भुरका मारतात. मिटक्या मारतात, ताव मारतात, जेवणावर आडवा हात मारतात, गप्पासुद्धा मारतात. जिथे माणूस मोकळा सुटलाय तिथे मराठीत 'मारणं' येतं असं मला फार वर्षं वाटत आलंय आणि ते मला फार आवडतं.

(मराठवाडा-विदर्भाकडच्या लोकांना भुरका म्हटल्यावर आधी तिखटावर गरम तेल ओतून केलेलं झणझणीत तोंडीलावणं आठवेल, तो भुरका वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. पण त्याच्या नुसत्या नावानंही तोंडाला पाणी सुटतं हे खरंच.)

आता आवाजाबद्दल. लहानपणी आपल्या सगळ्यांनाच 'आवाज करू नकोस' हे ऐकावं लागलंय, पण भुरक्याचा आवाज हा उगाच केलेला नसतो. ओठ चंबूसारखे करून ओढलं की आमटीबरोबर हवा आत जाते, त्यानं घोट जरा निवतो आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा फार मोठा असतो, सर्दी झाल्यावर चांगली आमटीसुद्धा पुचाट लागते ती त्यामुळेच. चहाची पारख करणारे टी टेस्टर पण चमच्यातला चहा असाच जोरात आवाज करत ओढतात. माझे आजोबा ताटातली शेवटची कढी वाटीनंच प्यायचे, डोळे मिटून, एक लांबलचक भुरका, आणि मग मिशीवरनं हात. स्वयंपाकघरात आजीला तो आवाज गेला की ती समजायची कढी जमलीये, वेगळं विचारायची गरज नसायची.

जपानीत यासाठी 'सुसुरु' असं क्रियापदच आहे आणि नूडल्सच्या आवाजाला ते 'झुरुझुरु' म्हणतात, झाडातला झ. म्हणजे आपल्यासारखंच कानानं घडवलेलं नाव. आणि नूडल्स हा आपल्याकडचा पदार्थ नाही म्हणून शब्द अडतो असंही नाही, हातशेवया दुधागुळात घालून खाल्ल्यात ना? वाटीतून ओठांपर्यंत लोंबणारी शेवई सुर्रकन आत ओढायची आणि तिचं शेपूट हनुवटीवर दूध उडवणार. आमच्याकडे त्याला शेवया भुरकणं असंच म्हणायचे. म्हणून रामेनलाही भुरकणंच लावा, बिनधास्त.

दिग्दर्शक जुझो इतामीच्या या १९८५ च्या पिक्चरमध्ये तर हा शब्द फारच नीट बसतो. त्यात एक बाई तरुण मुलींना रेस्टॉरंटमध्ये स्पॅगेटी खायची रीत शिकवत असते, आवाज म्हणून करायचा नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा एक गोरा माणूस जोरजोरात ओढून खायला लागतो, मग मुलीही तसंच करतात आणि शेवटी त्या शिकवणाऱ्या बाईसुद्धा. तिथे 'आवाज करू नका' असं सपक लिहू नका, 'भुरके मारायचे नाहीत' लिहा. मग पुढे सगळं टेबल भुरके मारायला लागतं तेव्हा काही लिहायलाच नको, लोकांच्या कानात शब्द आधीच बसलेला असेल.

सुरवातीला एक म्हातारे गृहस्थ रामेन कसं खायचं ते शिकवतात, आधी वाडगा नुसता डोळे भरून बघायचा, वास घ्यायचा, चॉपस्टिक्सनी वरून हळूच गोंजारायचं, तिथे मात्र भुरका आणायची घाई करू नका. तिथे 'गोंजारणं'च ठेवा, 'स्पर्श करणं' नको, वासराला गोंजारतात तसं आहे ते. आणि अंड्याचं पिवळं बलक तो गुंड आणि त्याची प्रेयसी एकमेकांच्या तोंडात देतात-घेतात त्या सीनला सबटायटलची जागा रिकामी सोडा.