लैंगिकता हा शरीराचा विषय. समाजशास्त्राने त्यात काय अभ्यासायचं?

लघुप्रबंधाला लैंगिकता हा विषय घेतला, तर डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांचं सोडून समाजशास्त्राच्या वाट्याला काय उरतं, असं तुम्ही विचारलंय. आणि लोक या बाबतीत खरं सांगतात का, हेही. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून दुसऱ्यापासून सुरू करते.

अमेरिकेत १९९२ साली समाजशास्त्रज्ञ एडवर्ड लॉमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५९ वयाच्या ३,४३२ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यात सुमारे २२ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की कधी ना कधी एखाद्या पुरुषाने मनाविरुद्ध लैंगिक गोष्ट करायला भाग पाडलं. आपण एखाद्या स्त्रीवर अशी जबरदस्ती केली, असं सांगणारे पुरुष होते जेमतेम ३ टक्के. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चिडून म्हटलं, पुरुष धडधडीत खोटं बोलतायत. काही बोललेही असतील. एकाच पुरुषाने अनेकींवर जबरदस्ती केली असेल, हेही शक्य आहे. पण त्या स्त्रियांनी सांगितलेले पुरुष बहुतेक वेळा अनोळखी नव्हतेच. प्रियकर होते, नवरे होते, चांगल्या ओळखीतले होते. म्हणजे एकाच रात्रीला तिच्या आठवणीत ‘जबरदस्ती’ हे नाव आहे, आणि त्याच्या आठवणीत ‘जरा मनवावं लागलं’. बाई नाही म्हणते तेव्हा तिला हो म्हणायचं असतं, हे त्याला त्याच्या हार्मोन्सनी शिकवलेलं नाही. कुठून शिकला तो? कोणाकडून? तिने तेव्हाच ते नाव का नाही दिलं? इथे डॉक्टरांचं काम संपलेलं असतं आणि आपलं सुरू होतं.

जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये यासाठी नाटकातली कल्पना वापरली: संहिता. कोणाशी, केव्हा, कुठे, पुढाकार कोणी घ्यायचा, कोणी लाजायचं, हे समाज आधी लिहून ठेवतो. दोन माणसं भेटतात तेव्हा त्यात आपापल्या परीने बदल करतात, आणि प्रत्येकाच्या मनातही त्याची एक खाजगी प्रत असते. हे दोघेही आधी किन्सी यांच्या संस्थेत काम केलेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. आल्फ्रेड किन्सी मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या बारीक कीटकांचे अभ्यासक. १९४८ साली पुरुषांच्या आणि १९५३ साली स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावर त्यांचे अहवाल आले. त्यांनी हजारो माणसांना न लाजता प्रश्न विचारले, हे धाडस मोठंच होतं. नमुना निवडण्याची पद्धत मात्र कच्ची होती, कैदी आणि स्वतःहून आलेले लोक त्यात जास्त होते. शिवाय मोजायची काय, तर कृती. त्या कृतीचा करणाऱ्याला लागलेला अर्थ त्या मोजणीत बसत नव्हता.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मेरी मॅकिंटॉश यांनी १९६८ मध्ये समलैंगिकतेकडे आजार म्हणून न पाहता सामाजिक भूमिका म्हणून पाहिलं, तेही नक्की वाचा. लैंगिकतेच्या इतिहासावर लिहिणारा फ्रेंच विचारवंत मिशेल फूको त्यानंतर वाचा, आधी नको. आधी वाचला की सगळे त्याच्याच भाषेत लिहायला लागतात.

एक गैरसमज मात्र लवकर काढून टाका. लैंगिकता समाजात घडते, याचा अर्थ माणसाची ओढ खोटी असते किंवा हवी तशी बदलता येते, असा होत नाही. समलिंगी मुलामुलींना ‘उपचारा’ला ओढून नेणारे लोक हेच अर्धं वाक्य वापरतात, आणि त्याने खरीखुरी आयुष्यं उद्ध्वस्त होतात. प्रबंधात हे स्पष्ट लिहा.

आता खरं-खोटं. सर्वेक्षणांत पुरुषांनी सांगितलेली जोडीदारांची सरासरी स्त्रियांपेक्षा वारंवार जास्त येते. पुरुष आणि स्त्रिया संख्येने सारखेच असतील आणि सगळे संबंध त्यांच्यातच असतील, तर गणिताने दोन्ही सरासऱ्या सारख्या यायला हव्यात. थोडी फुशारकी, थोडी लाज, हे आहेच. पण पुरुष अंदाजे गोल आकडा सांगतात, स्त्रिया एकेक आठवून मोजतात, हाही फरक आहे. आणि मोजताना धरायचं काय? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५९ टक्के अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्यांनी मुखमैथुनाला ‘सेक्स केला’ असं म्हणणार नाही, असं सांगितलं. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

मी स्वतः हे चुकूनच शिकले. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत सरळ प्रश्न होता: पहिला लैंगिक अनुभव कोणत्या वयात? पन्नाशीच्या एका बाईंनी शांतपणे वय सांगितलं, मी लिहून घेतलं. रेकॉर्डर बंद केल्यावर पर्स उचलता उचलता त्या म्हणाल्या, “त्याआधी एकदा झालं होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं तेव्हा, मग तो माझा अनुभव कसा म्हणायचा?” मी परत खाली बसले. त्यांनी हे लिहायची परवानगी दिली, म्हणूनच इथे सांगतेय. तोवरच्या अकरा मुलाखतींत मी वयाचा रकाना भरत होते आणि रकान्याबाहेरचं सगळं गमावत होते. नंतर मी तो प्रश्नच काढून टाकला आणि “तुम्ही कशाला पहिला अनुभव म्हणाल?” इथून सुरुवात करू लागले.

परवानगीचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांत एकमेकांशी लैंगिक संबंधांसाठी भेटणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते काढले आणि साधारण वर्षभराने वेश बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी गेले. १९७० साली पुस्तक आलं. त्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं झालेली होती, आणि माहितीची एक यादी बाहेर पडली असती तर त्यांचं काय झालं असतं, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. खरी नावं लिहून ठेवूच नका. संमती सुरुवातीला एकदा घेतली की झालं असं नाही, मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारा.

विषयही छोटा घ्या. ‘तरुणांची लैंगिकता’ एका लघुप्रबंधात मावणार नाही. ‘नकार दिला हे समोरच्याला कळलं, असं कशावरून ठरवता’ एवढा एकच प्रश्न पंधरा स्त्रियांना आणि पंधरा पुरुषांना विचारलात, तरी वर्षभर पुरेल इतकं हाती येईल.