जावईबापूंचं वॉकर आडनाव आलं कुठून?

प्रश्न: नमस्कार, माझ्या मुलीने इंग्लंडमध्ये लग्न केलंय, जावई तिकडचेच, आडनाव वॉकर. आमच्याकडे सगळे विचारतात की यांचे पूर्वज पायी फिरून निरोप वगैरे पोचवायचे का? त्यांनी आम्हाला वॉकर घराण्याचं चिन्ह म्हणून ढाल आणि सिंहाची एक फ्रेम दिलीय, ती खरी असते का? आणि अमेरिकेचे जॉर्ज वॉकर बुश यांच्याशी काही नातं निघेल का? (एक वाचक)

उत्तर: ताई, प्रश्न फार आवडला. वॉकर आडनावाचा पायांशी संबंध आहे पण रस्त्याशी नाही, हे लोक कापड तुडवायचे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं, त्यात लोकरीचं आणि कातताना लावलेलं तेल मुरलेलं असतं, तसं ते अंगावर घालायच्या लायकीचं नसतं. मग ते हौदात टाकून त्यावर शिळी लघवी ओतायची (हो, लघवीच, ती शिळी झाली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तेलकटपणा सुटतो), तेल शोषून घ्यायला मुलतानी माती घालायची आणि उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवत राहायचं. हळूहळू कापड आटतं, धागे एकमेकांत गुंततात, वीण दिसेनाशी होते आणि वारा-पाऊस अडवेल असं जाडजूड कापड तयार होतं. शेवटी ते धुऊन लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. जुन्या इंग्रजीत वॉकचा अर्थ घोळणे, उलटसुलट करणे असा होता, चालणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला, म्हणून हे काम करणारा तो वॉकर.

यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे याच एका धंद्यावरून इंग्लंडमध्ये तीन आडनावं पडली. यॉर्कशायर, लँकेशायर आणि एकूणच उत्तरेकडे वॉकर, नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर आणि आग्नेयेला फुलर. एक्सेटर शहरात १४७१ साली बांधलेला या कारागिरांच्या संघाचा टकर्स हॉल अजून उभा आहे. मुलतानी मातीचं इंग्रजी नाव फुलर्स अर्थ, तेही यातूनच आलं. म्हणजे जावईबापूंचं घराणं मूळचं उत्तरेकडचं असायची शक्यता बरीच आहे, तरी एक अपवाद लक्षात ठेवा, न्यूकॅसलला टाइन नदीकाठी वॉकर नावाचीच वस्ती आहे, रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीजवळची दलदल असा तिचा अर्थ, आणि काही वॉकर तिच्यावरून आलेले असू शकतात.

तुडवायचं काम पुढे पाणचक्कीवर गेलं, चाक फिरलं की जाड लाकडी हातोडे आळीपाळीने कापडावर आपटायचे. ११८५ मध्ये टेंपलर सरदारांच्या (हा ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा एक संघ) मालमत्तेची पाहणी झाली तिच्यात अशा चक्क्यांची नोंद आहे, त्यातली एक यॉर्कशायरमध्ये लीड्सजवळ न्यूसमला होती. उत्तरेत त्यांना वॉक मिल म्हणायचे. पाय थांबले तरी कामाचं नाव तेच राहिलं.

आता हे नाव वंशाला कधी चिकटलं? आधी ते त्या त्या माणसाची ओळख होती, बाप वॉकर आणि मुलगा सुतार असला तर मुलाला वॉकर म्हणायचंच असं काही नव्हतं. साधारण १२५० ते १४०० या काळात सामान्य लोकांची आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, उत्तरेत हे दक्षिणेपेक्षा उशिरा झालं. १३७७, १३७९ आणि १३८१ ला सरकारने डोईपट्टी बसवली, त्या याद्यांमध्ये, विशेषतः नंतरच्या दोन, बऱ्याच ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिलेला असतो, त्यामुळे आडनाव आणि काम अजून जुळतंय की सुटलंय हे बघता येतं. मला त्या याद्या फार जवळच्या वाटतात कारण साध्या माणसांची नावं इतक्या मोठ्या प्रमाणात कागदावर आलेली तिथे दिसतात.

यावरूनच नात्याचं उत्तर निघतं. कापड तुडवणारे गावोगावी होते, म्हणून वॉकर घराणी शेकड्याने वेगवेगळी सुरू झाली, आडनाव एक म्हणून रक्त एक असं होत नाही. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये आडनावं आणि बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र ताडून पाहिलं, तर ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाचे वंशज निघाले पण स्मिथसारख्या सर्रास आडनावात तसं काही जुळेना. वॉकर या दुसऱ्या गटातलंच. बुश यांचा वॉकर तर त्यांच्या आजीच्या माहेरचा, डोरोथी वॉकर यांचा, तेव्हा कागद सापडल्याशिवाय नातं जोडू नका.

फ्रेमबद्दल स्पष्टच सांगते, इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. ते काम १४८४ मध्ये स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स बघतं. दुकानात विकतात ते कुठल्या तरी एका वॉकरचं चिन्ह सगळ्या वॉकरांना. जावयांनी प्रेमाने दिलंय, लावा भिंतीवर, फक्त त्यावरून वंशावळ काढू नका.

खरी वंशावळ काढायची तर मागे मागे जायचं. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, चर्चची रजिस्टरं १५३८ पासून, अर्थात सगळ्या गावांची टिकलेली नाहीत. जनगणनेत १८४१ चा कागद हाती लागला तर त्यावर विसंबू नका, त्यात मोठ्या माणसांचं वय सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय आणि जन्म त्याच परगण्यातला की बाहेरचा एवढंच कळतं. १८५१ च्या जनगणनेत मात्र जन्माचं गाव असतं, तिथपर्यंत पोचलात की त्या गावाच्या चर्चचं रजिस्टर उघडता येतं. जावयांना आधी त्यांच्या आजोबा-पणजोबांची पूर्ण नावं आणि जन्मगावं विचारून घ्या, कारण नुसतं जॉन वॉकर म्हणून शोधायला गेलात तर एकाच गावात तीन-चार निघतील.