ट्रिंचातो फोर्ते ही स्वस्त इटालियन पाइप तंबाखू कशी आहे? ओढणाऱ्यांची मतं इतकी टोकाची का?

तुम्ही विचारलंय की इटलीत शिकणारा भाऊ सुट्टीला येताना ‘ट्रिंचातो फोर्ते’चा पुडा आणू का म्हणतोय, पण एक जण तिला गोठ्याचा वास येतो म्हणतो आणि दुसरा म्हणतो तिच्याशिवाय दुसरं काही ओढवत नाही, तर खरं कुणाचं. दोघांचंही खरं आहे. दोघांना एकच चव लागते. फरक आहे तो कोण काय ओढून तिच्याकडे आलाय याचा.

मी निपाणीजवळच्या खेड्यातला. तंबाखू ओढायच्या कितीतरी आधी मी ती वेचलीय, उलथलीय, तिच्या धुरळ्यानं शिंकलोय. पुढं नोकरीनिमित्त चार वर्षं मध्य इटलीतल्या अरेत्सो शहरात होतो, सोन्याच्या साखळ्या विणणाऱ्या मशिनींच्या कामावर. तिथंच पाइप लागला आणि तिथंच ही तंबाखू भेटली.

आधी नावाचं सांगतो. ट्रिंचातो म्हणजे कातरलेली, फोर्ते म्हणजे कडक. एवढंच. इटलीत तंबाखू ही कित्येक दशकं सरकारी मक्तेदारी होती, त्यामुळं जुनी नावं अशीच रोखठोक. त्याच घरातली दुसरी एक तंबाखू आहे, तिचं नाव ‘कोमुने’, म्हणजे साधी. पुड्यावरची किंमत आजही देशभर एकच असते. निळ्या किंवा काळ्या पाटीवर पांढरा ‘T’ असलेल्या कुठल्याही दुकानात जा, घासाघीस नाही.

फोर्तेत आहे ती केंटकी जातीची पानं. मूळ अमेरिकेतलं, पण इटलीत इतकी वर्षं पिकतंय की तिथले शेतकरी त्याला आपलंच मानतात. अरेत्सोहून पूर्वेला डोंगर ओलांडला की तिबेर नदीचं वरचं खोरं लागतं, अंग्यारी आणि सानसेपोल्क्रोच्या बाजूला. तिथं एकदा सप्टेंबरात एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मला त्यांचं सुकवणीघर दाखवलं. आपल्याकडं विडीच्या तंबाखूचं झाड कापून रानातच उन्हात वाळत टाकतात, ऊन आणि दंव खाऊन पान तयार होतं. तिथं उलटं. बंद खोली, छतापर्यंत आडव्या काठ्या, काठ्यांवर पानं टांगलेली, आणि खाली जमिनीवर ओकच्या लाकडाचे ओंडके धुमसत ठेवलेले. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. असं दोन-तीन आठवडे. दार उघडलं तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि वास कसला आला म्हणाल तर आमच्या जुन्या घरातल्या चुलीमागच्या भिंतीचा. काजळीचा, ओल्या लाकडाचा, थोडा गुळाच्या काकवीचा. मी तिथंच उभा राहिलो बराच वेळ. छताच्या कौलांमधून धूर निघत होता आणि तो शेतकरी एकेक पान चिमटीत धरून देठ वाकवून बघत होता, तुटतंय की लवतंय.

त्याच भागात कोस्पाया नावाचं इवलंसं गाव आहे. पंधराव्या शतकात पोपनं काही मुलूख फ्लॉरेन्सकडं गहाण टाकला, तेव्हा सीमा ठरली ‘रिओ’ नावाच्या ओढ्यावर. ओढे निघाले दोन, दोघांचंही नाव रिओ, मध्ये साधारण अर्धा किलोमीटर जमीन. एकानं अलीकडचा धरला, दुसऱ्यानं पलीकडचा. मधलं गाव कुणाचंच राहिलं नाही, म्हणून ते १४४० पासून १८२६ पर्यंत स्वतंत्र राहिलं. ना कर, ना जकात. इटलीत तंबाखूची लागवड पहिल्यांदा मूळ धरून वाढली ती तिथं. शेवटी गाव वाटून घेतलं तेव्हा पोपच्या बाजूनं लोकांना एकेक चांदीचं नाणं मिळालं आणि पाच लाख तंबाखूची रोपं लावायची मुभा. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून विचारलं नसताना सांगितली.

आता मतांकडं येतो. केंटकीचं सगळ्यात नावाजलेलं रूप म्हणजे तोस्कानो सिगार. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, बहुतेक लोक कापून अर्धाच ओढतात. १८१५ साली फ्लॉरेन्समध्ये पावसात भिजलेली तंबाखू टाकून न देता वाळवली, ती आंबली, आणि त्यातून गरिबांसाठी स्वस्त सिगार वळले, अशी त्याची दंतकथा. आंबवणं हाच त्याचा प्राण. अरेत्सोत मी राहायचो त्या घरमालकांचे वडील तोस्कानोची उरलेली थुटकं चाकूनं बारीक करून पाइपमध्ये भरायचे. फोर्ते म्हणजे चवीनं जवळपास तेच. धूर, कातडं, काळी मिरी, भाजलेल्या बदामाच्या सालीचा कडवटपणा. गोडवा नाहीच. जो तोस्कानो ओढून आलाय त्याला फोर्तेत आपलं घर सापडतं. जो व्हॅनिला, चेरी, चॉकलेटचा वास मारलेली पाइप तंबाखू ओढून आलाय, त्याला गोठा आठवतो. पुडा नवा फोडल्यावर अमोनियाचा भपकारा येऊ शकतो, आंबवलेल्या पानाला तो असतोच. पुडा तासभर उघडा ठेवला की बराचसा जातो. ज्यांनी पहिल्या मिनिटाला मत दिलं, त्यांनी त्या भपकाऱ्याला मत दिलं असं मला वाटतं.

आणखी एक तक्रार फार दिसते: ‘धूर छातीत घेतला नाही तरी चक्कर आली.’ यात खोटं काही नाही. सिगारेटच्या पानात साखर भरपूर असते, तिचा धूर आम्लधर्मी, त्यातलं निकोटीन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून ती छातीत ओढतात. केंटकीत साखर नावालाच, धूर क्षारधर्मी, आणि त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं. पहिल्या आठवड्यात मला लागली होती तंबाखू. जेवणाआधी, रिकाम्या पोटी, मोठ्या वाटीचा पाइप गच्च भरून बसलो. आधी उचक्या, मग घाम, मग हातपाय गार. घरमालकांच्या वडिलांनी काही न बोलता साखरेचे दोन खडे आणि पाणी पुढं केलं आणि खिडकी उघडली. निपाणीचा म्हणून मी जो ताठा बाळगून होतो तो त्या संध्याकाळी उतरला.

त्यांनीच मग शिकवलं. पोट भरलेलं हवं. पाइपची वाटी लहान हवी. चिमूट चिमूट सैल भरायची, वरचा थर फक्त थोडा दाबायचा. पहिल्या काडीनं वरचा थर करपतो आणि फुलून वर येतो, तो हलक्या हातानं बसवून दुसरी काडी. मग घाई नाही. धूर दिसेल न दिसेल इतकाच ओढायचा. विझली तर विझू द्यायची. भराभर ओढाल तर कडवट पाणी तोंडात येईल आणि जीभ पोळेल, आणि तुम्हीही गोठा-गोठा म्हणाल. सावकाश ओढली तर निम्म्यानंतर तिच्यात भाकरीच्या पापुद्र्याची जराशी गोडी उतरते. हे मात्र मी कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतः अनुभवून सांगतोय. तिच्यासाठी एक पाइप वेगळा ठेवा. धुराचा वास लाकडात मुरतो, मग त्यात दुसरी कुठली तंबाखू नीट लागत नाही. मक्याच्या बुरकुंडाचा साधा पाइप चालतो, मी तोच वापरतो.

स्वस्त म्हणजे हलकी का, तर नाही. सिगारवर गुंडाळायला एकही भोक नसलेलं, मोठं, लवचिक पान लागतं, त्याला भाव असतो. कातरायच्या पानाला देखणं असायची गरज नाही. वरून सुगंध नाही, नक्षीचा डबा नाही. जे आहे ते पान आहे.

आता मनापासून एक सांगतो. आमच्या घरात तंबाखूनं जबडा गेलेला माणूस मी पाहिलाय. पाइपचा धूर छातीत घेत नाही म्हणून तो निर्धोक, हे खोटं आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानंही होतो. मी महिन्यातून दोनदा ओढतो आणि तेही कमी करतोय. तुम्ही आधीपासून पाइप ओढत असाल तरच हे उत्तर तुमच्यासाठी. नुसतं स्वस्त मिळतंय म्हणून सुरुवात करायची असेल, तर भावाला चीज आणायला सांगा.

ओढत असाल तर एकच पुडा मागवा. भारतात येताना सामानातून १२५ ग्रॅमपर्यंत तंबाखू विनाशुल्क आणता येते, आणि तेवढीही तुम्हाला लागणार नाही. फोडल्यावर तासभर थांबा आणि मग नाक जवळ नेऊन वास घ्या. चुलीमागची भिंत आठवली, तर रात्रीच्या जेवणानंतर अर्धीच वाटी भरा.