बर्मा टीक : उभं असतानाच वाळवलेलं झाड

प्रश्न : आमच्या गिरगावातल्या जुन्या चाळीच्या तुळया बर्मा टीकच्या आहेत. एवढे प्रचंड साग जंगलातून बाहेर काढत तरी कसे?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : नदीने. पण ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून आधी बुंध्याभोवती कुऱ्हाडीने खोल वळं पाडत. साल आणि तिच्याखालचं पांढरट लाकूड थेट गाभ्यापर्यंत कापावं लागे. पांढऱ्याची बोटभर पट्टी जरी राहिली, तरी पाणी वर चढून झाड जगायचं. नीट कापलेलं झाड दोन-तीन वर्षं उभ्याउभ्या वाळे, मगच तोड. हत्ती ओंडके कोरड्या ओढ्यात आणून ठेवत आणि पावसाळी पूर ते पुढे नेई. पाऊस कमी झाला की ओंडके तिथेच अडकत. बेसुमार तोडीला आवर घालायला १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांताच्या जंगलांवर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस नेमले गेले. तुळया निघाल्याच, तर भंगारात मुळीच घालवू नका.