'लिंगबदल' नव्हे, 'नरलक्षणारोप'

प्रश्न : बंदराच्या प्रदूषणामुळे मादी शंखांना नराचे अवयव फुटतात, त्याला 'लिंगबदल' म्हणावे की 'नपुंसकत्व'? माशांचे रंग फिके पडणे त्यातच येते का?

दोन्ही शब्द चूक, आणि बातम्यांत रोज तेच वाचून वैताग येतो. लिंगबदल गोब्रा माशात होतो, निसर्गक्रमाने: मादीचा नर बनतो. इथे मादी मादीच राहते. जहाजाच्या तळाला लावायच्या रंगातले ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग पाण्यात उतरते. लिटरला नॅनोग्रॅमभर असले तरी तिच्या उजव्या स्पर्शिकेमागे शिश्न उगवते, शुक्रवाहिनी वाढते. काही जातींत ही वाढलेली शुक्रवाहिनी जननरंध्र बुजवते. अंड्यांच्या कुप्या आतच अडकतात. म्हणून मादी वांझ होते, पण वांझपण हा परिणाम. त्यावरून मूळ विकाराला नाव देणाऱ्या कोशकारांशी माझे जमत नाही. १९७१ साली इंग्रजीत 'इम्पोसेक्स' घडवला तो 'लादणे' या अर्थावरून. मराठीत 'नरलक्षणारोप' म्हणा.

खरी गंमत 'लिंग' शब्दात आहे. लिंग म्हणजे मुळात खूण. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांच्या लेखी डोंगरावरचा धूर हे अग्नीचे लिंग. ते दिसले की न दिसणाऱ्या अग्नीचे अनुमान करायचे. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या 'क्रोनिया कोंकणेन्सिस' या शंखात हा विकार असल्याची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्या मादीचे शिश्न हे नरत्वाचे लिंग नव्हेच, पाण्यातल्या विषाचे लिंग! प्रदूषण मोजणारे नेमके हेच अनुमान करतात. माझ्या मते अशा प्रदूषण दाखवणाऱ्या सजीव खुणेसाठीचा 'जैवनिर्देशक' हा बोजड शब्द टाकून 'विषलिंग' रूढ करावा.

मात्र मोजताना घोळ होतो. शिश्न दिसले की नर, असे धरले तर सगळा हिशेब चुकतो. शंख मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल करून, कवच फोडून आधी कुपीग्रंथी, म्हणजे अंड्यांच्या कुप्या घडवणारी ग्रंथी, शोधावी. ती असेल तर मादी. मग शिश्नाची लांबी घ्यावी. कृमींनी जननग्रंथी खाल्लेले शंख बाजूला काढावेत.

रंगाचे म्हणाल तर नरसंप्रेरक रोखणाऱ्या रसायनांनी नर गप्पीची नारिंगी झाक उतरते. तो आरोप नव्हे, 'लक्षणलोप'.

ट्रायब्युटिलटिनच्या जहाजी रंगांवर जागतिक बंदी २००८ साली अमलात आली. पण एकदा फुटलेले शिश्न सहसा जात नाही. जुन्या माद्यांवरून आजच्या पाण्याचे अनुमान काढू नये; कोवळ्या वेगळ्या मोजाव्यात.